बोर्डवर बहात्तर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. खरं तर तिलाच आधी सांगायला हवं होतं, कारण ज्या फोनपासून हे सगळं सुरू झालं तो आला तेव्हा ती समोरच बसलेली होती — चहाचा ट्रे ठेवून, मान खाली घालून. तेव्हा ती माझी बायको नव्हती. पण तिकडे नंतर येतो. येतो म्हणतोय, येईनच याची मला स्वतःलाही खात्री नाही. या गोष्टीच्या जवळ गेलो की मी विनोद करायला लागतो, ही माझी जुनी खोड आहे. इथंही करीन. तो ओळखून घ्या.

मी लातूरला राहतो आणि एका खासगी कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवतो. त्याआधी काही वर्षं पाण्याच्या टाक्यांवर बसवायची यंत्रं बनवत होतो. म्हणजे लोखंडी डब्यात एक लहानसा संगणक, त्याला टाकीतली पातळी सांगणारे सेन्सर, आणि पातळी बघून मोटार चालू-बंद करणारा प्रोग्राम. प्रोग्राम मी लिहायचो. कंत्राटदार दुसरा होता. तो फक्त हसायचा आणि सह्या करायचा.

अहमदपूर आणि नांदेडच्या मधल्या एका गावात आम्ही असं यंत्र बसवलं. गावाचं नाव लिहीत नाही. उंच खांबांवर उभी टाकी, आत मधोमध भिंत घालून केलेले दोन कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक सेन्सर. तो शून्य ते दोनशे असा आकडा द्यायचा — शून्य म्हणजे कोरडा, दोनशे म्हणजे काठोकाठ. दोन्हींची सरासरी एकशेऐंशीच्या वर गेली की मोटार बंद. एवढंच काम. शाळकरी गणित.

तिथले व्हॉल्वमन होते हणमंतमामा. रोजंदारीवर होते, पण गावाला पाणी म्हणजे हणमंतमामा हेच समीकरण होतं. आज कुठल्या गल्लीला पाणी सुटणार, हे त्यांच्या सायकलच्या दिशेवरून बायका ओळखायच्या आणि घागरी मांडायच्या. गालात सदा तंबाखूचा बार, त्यामुळं बोलणं जड. ते साधुसंत नव्हते हेही सांगून टाकतो. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घ्यायचे, आणि घेतली की टाकीखालच्या कट्ट्यावर बसून भजन म्हणायचे. वाईट म्हणायचे.

डब्याला मी कुलूप लावलं तेव्हा ते बघत उभे होते.

“म्हणजे आता माणसापरीस डबा शाना झाला म्हना की, सायेब.”

मी म्हणालो, मामा, आता तुम्हाला आराम. यंत्राला सगळं कळतं.

“मग असंच एक बटन मला बी बसवा. कारभारनीच्या हातात देतो. तिला बी आराम.”

सगळे हसले. मीही हसलो, आणि किल्ली खिशात टाकली. जाताना कंत्राटदारानं त्यांना बजावलं — डब्याला, मोटारीला, विजेच्या डीपीला, कशालाही हात लावायचा नाही. काही बिघडलं तर तुझ्यावर येईल. मामांनी दोन्ही कान धरून दाखवले. तो विनोद होता असं तेव्हा वाटलं.

आता प्रोग्रामबद्दल सांगावं लागेल. कंटाळू नका, याच्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही, आणि गुन्हा कळल्याशिवाय कबुलीला काय अर्थ?

मी ज्या भाषेत लिहीत होतो तिच्यात लहान आकड्यांसाठी एक लहान डबी असते. तिच्यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. त्यापुढं गेलं की जुन्या मोटारसायकलच्या मीटरसारखं — पुन्हा शून्यापासून. पण ही भाषा एक शहाणपणा करते. दोन लहान डब्यांतल्या आकड्यांची बेरीज करायची असली, की कुणी न सांगता ते आकडे आधी मोठ्या डब्यात ओतते आणि मग मिळवते. दोनशे आणि दोनशे चारशे होतात, सांडत काही नाही. याला प्रमोशन म्हणतात — बढती. मराठवाड्यातल्या कुठल्याही कार्यालयात इतक्या मुकाट्यानं बढती झालेली मी पाहिलेली नाही. माझं पहिलं सूत्र एका ओळीचं होतं: दोन्ही आकडे मिळवा, दोननं भागा. बेरीज मोठ्या डब्यात व्हायची, भागाकार होऊन आकडा परत लहान व्हायचा. ते बरोबर होतं. हे मी मुद्दाम नोंदवतो — बरोबर लिहिलेलं मीच बिघडवलं.

का? तर बोर्डसाठी.

उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. त्यांच्याकडून निरोप आला की यंत्र डब्यात असल्यामुळं दिसत नाही. काहीतरी दिसेल असं पाहिजे. मग कंत्राटदारानं लाल दिव्यांचा हातभर बोर्ड आणला. त्यावर टाकीतली पातळी आकड्यात झळकणार. बोर्डच्या शेजारी पाहुण्यांचा फोटो, तो बोर्डपेक्षा मोठा. त्या बोर्डला आकडा पाठवण्यासाठी मी प्रोग्राम उघडला आणि एका ओळीच्या दोन केल्या. आधी बेरीज करून बाजूला ठेवली, मग तिचं निम्मं केलं — ते बोर्डलाही द्यायचं आणि मोटारीच्या निर्णयालाही. बेरीज बाजूला ठेवली ती लहान डबीत. त्या इवल्याशा संगणकात जागेची ओढाताण होती, आणि काटकसर म्हणजे कौशल्य असं मला तेव्हा वाटायचं.

कंपायलरनं इशारा दिला. कंपायलर म्हणजे आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत करणारा प्रोग्राम. तो म्हणाला की मोठा आकडा लहान जागेत ठेवताय, बदलू शकतो. स्पष्ट म्हणाला, ओळ क्रमांकासकट. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. थांबून विचार करायचा. किंवा आकड्याच्या पुढं कंसात एक शब्द लिहायचा — त्याला कास्ट म्हणतात — त्याचा अर्थ, मला माहीत आहे मी काय करतोय, बसव लहान डबीत. तो शब्द लिहिला की इशारा जातो. कंपायलर माणसावर विश्वास ठेवतो.

मी तो शब्द लिहिला. इशारा गेला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं.

नारळ फुटला, हिरवं बटण दाबलं गेलं, मोटार सुरू झाली, बोर्डवर आकडा आला, टाळ्या. मोटार बंद होते की नाही हे कुणी पाहिलं नाही. आपल्याकडं उद्घाटन चालू करण्याचं असतं. बंद होताना बघायला कोण फेटे बांधून येणार? पण हे पाहुण्यांवर ढकलण्यात अर्थ नाही. बंद होतं का, हे बघणं माझं काम होतं. ते मी का केलं नाही? कारण टाकी भरायलाच पाणी नव्हतं. आमच्या भागात भरलेली टाकी ही कल्पनाच नव्हती हो. उन्हाळ्यात टँकरचं पाणी विहिरीत सोडून मोटारीनं टाकीत चढवायचे. ते तळाशी पसरायचं. पावसाळ्यानंतरही निम्म्याच्या वर पातळी जात नसे. मोटार बंद पडायची ती लाइट गेली म्हणून, नाहीतर विहिरीत पाणी उरलं नाही म्हणून. एकेका सेन्सरची मी चाचणी घेतली होती, एकेकटा दोनशेपर्यंत नेऊन. दोन्ही एकदम भरलेत, असं मी टेबलावरसुद्धा करून पाहिलं नाही. माझ्या डोक्यातच ते आलं नाही.

निम्म्यापर्यंत प्रोग्राम बिनचूक चालायचा. चूक फक्त सुबत्तेत होती.

मग एका वर्षी गावाशेजारचा तलाव भरला. गावानं बऱ्याच वर्षांनी विहिरीला काठाशी पाणी पाहिलं.

तो रविवार होता. मी नांदेडला मुलगी बघायला गेलो होतो. बैठकीत मुलीचे वडील, काका, मामा, शेजारचे दोन जाणकार — आणि मी मधोमध, नवा शर्ट घालून. काय करता, असं विचारलं होतं आणि मी सांगत होतो. गावांची पाणीव्यवस्था संगणकावर आणतोय वगैरे. तेवढ्यात फोन वाजला. हणमंतमामा. मी तो नाही घेतला तरी चाललं असतं. पण मी घेतला, कारण वेळ छान साधली होती — बघा, गावं मला फोन करतात.

“सायेब, टाकी वरून वाहलालीय! जिन्यावरून निस्ता धबधबा चाललाय. सहस्रकुंड झालंय हितं, सहस्रकुंड!”

मी विचारलं, बोर्डवर काय दिसतंय, मामा?

“बोर्डवर बहात्तर हाय. पर टाकी भरलीय हो.”

बहात्तर म्हणजे निम्मीसुद्धा नाही, मी म्हणालो. सगळे ऐकत होते, म्हणून जरा खणखणीत म्हणालो. पाइप कुठं फुटला असेल. टाकी रिकामीच आहे.

“म्या भिजून हुबा हाय सायेब, अन् तुम्ही मला बहात्तर काय सांगूलालाव? डबा उघडू का? कुलूप तोडतो.”

डब्याला हात लावायचा नाही, मी म्हणालो. यंत्राला कळतं. आणि मग — हेच ते वाक्य — मग मी म्हणालो, एवढंच वाटत असेल तर वर चढून बघा आणि मला सांगा किती भरलीय ती.

पलीकडून ते काहीतरी बोलले. पाण्याच्या आवाजात नीट कळलं नाही. मी फोन ठेवला. मुलीचे काका म्हणाले, “पावनं हितं बसून तिकडची मोटार चालवत्यात की!” सगळे हसले. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. सोयरीक त्या दिवशीच जमली.

मामा वर चढले. जिन्यावरून पाणी पडत होतं. चढून आकडा सांगायला सांगितलं होतं ना मी? वर पोचायच्या आतच पाय सटकला. खाली कट्ट्यावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. लाइनमननं येऊन डीपीवरचा फ्यूज ओढला तेव्हा कुठं मोटार थांबली. तोवर टाकीचं पाणी उतारानं जाऊन नाल्याला मिळालं होतं. ज्या गावात लोक आंघोळीचं पाणी भांड्यांना वापरतात त्या गावात.

सोमवारी मी गावात गेलो. मामा सरकारी दवाखान्यात होते. तिकडं गेलो नाही. डबा उघडला, चिप काढली, लातूरला आणली. टेबलावर दोन सेन्सरच्या जागी दोन नॉब लावले आणि पहिल्यांदाच दोन्ही एकदम शेवटपर्यंत फिरवले. दोनशे आणि दोनशे. चारशे लहान डबीत मावत नाही. दोनशे छप्पन्न गळतात, एकशे चव्वेचाळीस उरतात. त्याचं निम्मं —

बहात्तर.

मला आठवतं, मी नॉब परत शून्यावर आणले आणि पुन्हा फिरवले. जणू दुसऱ्यांदा काही वेगळं येणार होतं. मग मी तो कंसातला शब्द काढला, डबी मोठी केली, चिप नेऊन बसवली. हे करताना माझे हात कापत होते असं लिहायला बरं वाटेल. कापत नव्हते. काम व्यवस्थित झालं.

दोन दिवसांनी चौकशी झाली. चौकशी म्हणजे एक साहेब, दोन खुर्च्या, बिस्किटं. टाकी भरून दाखवायला सांगितली. पाणी होतंच. आकडा चढत गेला, एकशेऐंशीच्या वर गेला, मोटार बंद झाली. यंत्र बंद होताना गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. साहेब म्हणाले, मशीन तर एक नंबर आहे. मग त्या दिवशी काय झालं?

मी म्हणालो, आतल्या वायरला कुणीतरी हात लावलेला दिसतो.

डब्याचं कुलूप शाबूत होतं. किल्ली माझ्या खिशात होती. हे कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. साहेबांनी विचारलं, तो म्हणतो तुम्हाला फोन केला होता?

इथं मी थांबू शकलो असतो. फोन आला होता, मीच वर चढायला सांगितलं — एवढं म्हटलं असतं तरी मामांची रोजंदारी वाचली असती. प्रोग्रामचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. कदाचित.

मी म्हणालो, “आला होता. पण बोलणं जड होतं त्यांचं. मला काही नीट कळलं नाही.”

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. गालात तंबाखू असल्यावर त्यांचं बोलणं नेहमीच जड असायचं. पाण्याच्या आवाजात शेवटचं वाक्य मला खरंच कळलं नव्हतं. मी फक्त खरे शब्द अशा जागी ठेवले की तिथं त्यांचा एकच अर्थ निघत होता. कंत्राटदारानं माझ्याकडं पाहिलं आणि अंगठा ओठाला लावून मान हलवली. साहेबांनी ‘च्’ केलं. सगळ्यांना बाजारच्या संध्याकाळी आणि कट्ट्यावरचं भजन आठवलं. त्यांना काही पटवावं लागलंच नाही.

हणमंतमामांना कामावरून काढलं. गावानं त्यांना नाव पाडलं — फुलटाकी. पोरं लांबून ओरडायची. ज्या बायका त्यांच्या सायकलकडं बघून घागरी मांडायच्या त्याच म्हणायच्या, मेल्यानं पिऊन आमचं पाणी सोडून दिलं. सायकल तशीही त्यांना पुन्हा चालवता आली नाही.

मी यंत्रांचं काम सोडलं. पश्चात्तापानं नव्हे, कॉलेजची नोकरी लागली म्हणून. तिथं दर वर्षी हा धडा येतो — लहान आकडे, बढती, कास्ट. मी टाकीचंच उदाहरण घेतो. फळ्यावर दोनशे अधिक दोनशे लिहितो आणि बहात्तर काढून दाखवतो. वर्ग खूश होतो. एका प्रोग्रामरनं असं केलं होतं, म्हणतो मी. एका प्रोग्रामरनं.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं, असं वाटतं.

गेल्या वर्षी लातूरहून नांदेडला एसटीनं चाललो होतो. अहमदपूरला गाडी थांबली आणि काठी टेकत एक म्हातारा वर चढला. मी ओळखलं. त्यांनी आधी ओळखलं.

“सायेब! तब्येत सुटली की तुमची. सरका, सरका.”

माझ्याच शेजारी बसले. उमरीला लेकीकडं निघाले होते. मी खिडकीची जागा दिली. सगळी वाट ते बोलत राहिले — लेकीचं, जावयाच्या म्हशीचं, काठीपेक्षा जावयाचा आधार कसा डुगडुगता आहे त्याचं. मी हाव-हाव करत होतो. मग लोह्याच्या अलीकडं त्यांनी विचारलं, डबा चालू हाय का अजून?

मी म्हणालो, चालू आहे.

“चांगलं हाय की,” ते म्हणाले. मांडीवरची पिशवी उचलून सीटवर ठेवली. मग म्हणाले, “तुमचा काय दोष न्हवता त्यात, सायेब. उगं मनाला लावून घेऊ नका. म्या लई दिस भांडत हुतो, घेतली न्हवती म्हणून. बायकूसंगं बी. पर समदं गाव म्हनतंय, सायेब लोक म्हनत्यात... मग घेतलीच असंल. आता तर मला बी तसंच आठवलालंय बघा. तोंडाला वास येत हुता, पायऱ्या डुलत हुत्या... घेतलीच असंल.”

नांदेड येईपर्यंत अजून बरीच वाट होती. गाडीत आवाज होता, पण मी सांगितलं असतं तर ऐकू गेलं असतं. आमच्या दोघांच्या मध्ये काय होतं? त्यांची पिशवी.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना ते बरं वाटलं असावं. नांदेडच्या स्टँडवर त्यांची पिशवी मी उतरवली, त्यांना उमरीच्या गाडीत बसवलं, जागा मिळवून दिली. खिडकीतून हात काढून ते शेजारच्याला म्हणाले, “हे आमचे इंजिनेरसायेब. लई मोठा मानूस.” गाडी गेली. मी सासुरवाडीला गेलो. तिथं चहा झाला.

या उन्हाळ्यात ते गेले. उमरीलाच. मला उशिरा कळलं, तेही दुसऱ्याच कामानं आलेल्या फोनवर. सांगणारा म्हणाला, तो हो, फुलटाकी.

म्हणून हे लिहून ठेवतो. त्या रविवारी हणमंतमामा प्यायलेले नव्हते. गालात तंबाखू होती. डब्याला त्यांनी हात लावला नव्हता. जिन्यावर ते माझ्या सांगण्यावरून चढले. टाकी भरली होती, आणि ते मला तेच सांगत होते.